अर्जांच्या ढिगाऱ्यात माझा अर्ज कोण बघणार?

प्रश्न (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात): मी 29 वर्षांची आहे. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कंपनीत पाच वर्षं खरेदी आणि स्टोअर्स सांभाळलं. कंपनी बंद पडली. गेले सात-आठ महिने नोकरी शोधते आहे. दीडशेच्या वर अर्ज केले असतील. खरेदी, ऑफिस अ‍ॅडमिन, ग्राहकसेवा, डेटा अ‍ॅनालिस्ट, जे दिसेल ते. बहुतेकांकडून उत्तरच आलं नाही. तीन मुलाखती झाल्या, त्याही तिथेच थांबल्या. कव्हर लेटर चॅटजीपीटीकडून लिहून घेते. मैत्रिणी म्हणतात, तू फारच साधी राहतेस. व्हिडिओ रेझ्युमे कर, रंगीत डिझाइनचा बायोडेटा कर, लिंक्डइनवर रोज काहीतरी टाक. मला स्वतःची जाहिरात जमत नाही. एक महागडा सर्टिफिकेट कोर्स करावा असंही मनात आहे. शेकडो जण अर्ज करत असताना मी त्यांच्यात उठून कशी दिसू? तसं माझ्याकडे सांगण्यासारखं विशेष काही नाही. स्टोअर्सचा महिनाअखेरचा हिशोब जुळायला आधी चार दिवस जायचे, मी एक्सेलमधली नोंदींची पद्धत बदलल्यावर तो एका दिवसात व्हायला लागला, एवढंच. शिवाय अर्ज केल्यावर कंपनीला पुन्हा विचारलं तर चालतं का? (बायोडेटा सोबत जोडला आहे.)

उत्तर:

तुमच्या पत्राच्या शेपटाकडून सुरुवात करते. ‘विशेष काही नाही’ असं म्हणून लगेच पुढच्या वाक्यात तुम्ही जे सांगितलंत, ते ऐकून खरेदी विभागाचा कुठलाही मॅनेजर खुर्चीत सरसावून बसेल. चार दिवसांचं काम एका दिवसावर आलं, आणि तेही कुणी सांगितलं म्हणून नव्हे. आता तुमचा बायोडेटा पाहू. तिथे त्याच पाच वर्षांबद्दल एकच ओळ आहे: ‘स्टोअर्स व साठा व्यवस्थापनाची जबाबदारी यशस्वीरीत्या पार पाडली.’ त्या चार दिवसांचा मागमूसही नाही. म्हणजे माल आहे आणि तो तुम्ही मला, एका सदरलेखिकेला, पाठवलात. ज्यांनी पगार द्यायचा त्यांच्यापर्यंत तो गेलाच नाही.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती आधी तपासू. दीडशे ठिकाणी आपली इतरांशी तुलना झाली आणि आपण फिक्या पडलो, असं तुम्ही धरून चालला आहात. निवड करणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षं बसले आहे. तिथून दिसणारं चित्र यापेक्षा पुष्कळ रुक्ष असतं. काही जागा जाहिरात येण्याआधीच आतल्या कुणासाठी ठरलेल्या असतात, नियमाप्रमाणे जाहिरात द्यावी लागते म्हणून दिलेली असते. काही ठिकाणी वरून भरती थांबवण्याचा आदेश येतो, पण जाहिरात उतरवायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. काही ठिकाणी पहिल्या दोन दिवसांतच पुरेसे अर्ज येतात आणि उरलेले उघडलेच जात नाहीत. अशा जागी तुमच्याबद्दल कुणी बरंवाईट मत बनवलेलंच नसतं. उत्तर न येणं याचा अर्थ नकार असेलही, पण तो तुमच्या लायकीवरचा शेरा नव्हे. सात-आठ महिने तो शेरा समजून तुम्ही जगत असाल, तर मुलाखतीत आवाज बसणारच.

ज्या ठिकाणी अर्ज खरोखर उघडला जातो, तिथे काय होतं? लॅडर्स या नोकऱ्यांच्या संकेतस्थळाने 2018 मध्ये भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला होता. एका बायोडेटावरची पहिली नजर सरासरी 7.4 सेकंद टिकली. अभ्यास काही फार मोठा नव्हता, त्यामुळे दशांश चिन्हाला फार कवटाळू नका, पण अनुभवाशी तो जुळतो. त्या पहिल्या नजरेत नाव, सध्याचं आणि आधीचं पद, तारखा आणि शिक्षण एवढंच टिपलं जातं. पुढे वाचायचं की नाही, हे तेवढ्यावर ठरतं.

त्या माणसाच्या डोक्यात त्या वेळी ‘यात सगळ्यात झळकणारं कोण?’ हा प्रश्न नसतो. विभागाकडून त्याच्यामागे लकडा लागलेला असतो, आणि चुकीचा माणूस पाठवला तर बोल त्यालाच लागणार असतो. त्यामुळे त्याचा प्रश्न साधा असतो: आमचं हे अडलेलं काम ही व्यक्ती करेल का, आणि करेल हे मी कशावरून मानू? किल्ल्यांच्या जुडग्यातून आपण सगळ्यात चकचकीत किल्ली शोधत नाही, कुलपाला लागणारी शोधतो. मैत्रिणींचे सगळे सल्ले किल्ली घासूनपुसून चमकवण्याचे आहेत.

याबाबतीत मला एक जुना अर्ज फार आवडतो. 1482 च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागण्यासाठी पत्राचा मसुदा केला. तेव्हा तो तिशीचा होता आणि चित्रकार म्हणून नाव कमावत होता. पण पत्रात एकापाठोपाठ एक क्रमांक घालून तो लिहितो ते हलक्या, सहज हलवता येणाऱ्या पुलांबद्दल, वेढा घालण्याच्या युक्त्यांबद्दल, तोफांबद्दल, झाकलेल्या युद्धगाड्यांबद्दल. कारण स्फोर्झाला घोर होता तो लढायांचा. शांततेच्या काळातली कामं थेट दहाव्या मुद्द्यात येतात, आणि चित्रकला त्याच्याही शेवटी, जाता जाता. वर तो म्हणतो, यातलं काही अशक्य वाटत असेल तर तुमच्या उद्यानात प्रयोग करून दाखवायला तयार आहे. आपल्याला काय येतं याची ही यादी नाही. समोरच्याला काय हवंय ते ओळखून, आपल्या पोतडीतलं नेमकं तेवढं वर काढून ठेवलेलं आहे.

तुमची अडचण इथेच आहे. खरेदी, अ‍ॅडमिन, ग्राहकसेवा आणि डेटा अ‍ॅनालिस्ट या चारही ठिकाणी एकच बायोडेटा गेला, तर तो कुणाच्याच कुलपाला लागणार नाही. मला विचाराल तर पुढचे काही आठवडे फक्त दोन प्रकारच्या जागांना अर्ज करा: एक खरेदी आणि साठा, आणि दुसरी त्याला लागून असलेली, म्हणजे पुरवठ्याचं नियोजन किंवा साठ्याच्या आकडेवारीचं काम. डेटा अ‍ॅनालिस्ट ही नुसती पाटी बघून केलेले अर्ज थांबवा. आठवड्याला वीस अर्ज करण्यापेक्षा चार-पाच करा, पण प्रत्येकाआधी जाहिरात नीट वाचा. कामांच्या यादीतल्या पहिल्या तीन-चार ओळींत बहुधा खरी गरज असते. खालची ‘उत्तम संवादकौशल्य’ वगैरे मंडळी सगळ्याच जाहिरातींत असतात. एखादी गोष्ट दोनदा आली असेल, उदाहरणार्थ ‘वेळेत पुरवठा’ किंवा ‘साठ्यातील तफावत’, तर तिथे त्यांचं दुखणं आहे असं समजा. त्या दुखण्यावर तुम्ही पूर्वी काही केलं असेल, तर ते बायोडेटाच्या वरच्या एक तृतीयांश भागात आलं पाहिजे.

ती ओळ कशी बदलायची ते दाखवते. ‘जबाबदारी यशस्वीरीत्या पार पाडली’ याऐवजी:

‘महिनाअखेरचा साठ्याचा हिशोब जुळवायला चार दिवस लागत. आवक-जावक नोंदींची एक्सेलमधली पद्धत बदलून हे काम एका दिवसावर आणलं.’

आधी काय होतं, तुम्ही काय केलंत, नंतर काय झालं. एकही विशेषण नाही. तुम्हाला स्वतःची जाहिरात जमत नाही म्हणता ना? इथे करावीच लागत नाही, घडलं ते सांगायचं आहे. अशा आणखी तीन-चार ओळी तुमच्याकडे नक्की असतील. आठवत नसतील तर या प्रश्नांनी खोदा: तुम्ही रजेवर गेलात की काय अडायचं? नवीन आलेल्याला तुम्ही काय शिकवलंत? कुठला पुरवठादार फक्त तुमच्याशीच बोलायचा? साहेब कुठली फाइल दुसऱ्या कुणाकडे द्यायला तयार नसत? आकडा माहीत नसेल तर बनवू नका. ‘खर्च 30 टक्के वाचवला’ असं ठोकून द्यायचं आणि मुलाखतीत ‘कसा मोजला?’ म्हटल्यावर छताकडे बघायचं, हे मी पाहिलंय; बघणाऱ्यालाच लाजल्यासारखं होतं. आकड्याविनासुद्धा ‘आधी आणि नंतर’ सांगता येतं.

रंगीत बायोडेटाचं म्हणाल तर नको. जाहिरात, डिझाइन, चित्रफिती अशा क्षेत्रांत देखणा बायोडेटा हाच कामाचा नमुना ठरतो, तिथे जरूर. खरेदी विभागात मात्र तो आडवा येतो. बऱ्याच कंपन्यांत अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातात. हे सॉफ्टवेअर म्हणजे माणसांना गिळणारा राक्षस आहे अशी एक दंतकथा पसरली आहे, तिला घाबरू नका. बहुतेक वेळा ते अर्जांचं कपाट असतं. अट न पाळणारे अर्ज ते बाजूला काढतं, जसं ‘अमुक परवाना आहे का?’ याला ‘नाही’ म्हटलं की संपलं. बाकी भरती करणारा त्यात शब्द टाकून शोधतो. पण दोन रकाने, चौकटी, चित्रात लिहिलेला मजकूर यांचा त्यात बऱ्याचदा काला होतो. घरच्या घरी तपासायचं असेल तर बायोडेटातला सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. तुमचं पद एका कोपऱ्यात आणि तारखा भलत्याच ठिकाणी गेल्या, तर मशीनलाही तसंच दिसणार आहे. आणि जाहिरातीत ‘इन्व्हेंटरी’ लिहिलं असेल तर तुम्हीही ‘इन्व्हेंटरी’च लिहा, शोधणारा तोच शब्द टाकणार.

चॅटजीपीटीला दोष देणार नाही. व्याकरण तपासायला, पाल्हाळ कापायला ते छान आहे. पण कोऱ्या कागदापासून पत्र लिहून मागितलं, की सगळ्यांना तेच मिळतं: ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेत योगदान देण्यास मी अत्यंत उत्सुक आहे.’ एका जागेसाठी अशी तीस पत्रं लागोपाठ वाचली की शेवटची पंचवीस डोळ्यांखालून नुसती घसरतात. म्हणजे उठून दिसायची चिंता करत तुम्ही नेमकी गर्दीत मिसळण्याची सोय केली आहे. पत्र तुम्ही लिहा, पाच-सहा वाक्यांचं. साधारण असं:

‘तुमच्या जाहिरातीत साठ्यातील तफावत कमी करणं हे काम पहिलं दिलं आहे. मागच्या कंपनीत मी पाच वर्षं हेच काम केलं. तिथे महिनाअखेरच्या हिशोबाला चार दिवस लागत, ते मी एका दिवसावर आणलं. पद्धत काय बदलली ते एका पानात दाखवू शकते. कंपनी बंद झाल्यामुळे मी सध्या मोकळी आहे आणि लगेच रुजू होऊ शकते.’

यातल्या ‘एका पानात दाखवू शकते’वर जरा थांबा. ते पान खरंच तयार करा. जुन्या कंपनीचा कुठलाही आकडा किंवा नाव न वापरता, खोट्या नोंदी भरून, आधीची आणि नंतरची एक्सेल शीट शेजारी शेजारी. व्हिडिओ रेझ्युमेवर एक दिवस घालवणार असाल तर तो इथे घालवा. खरेदीच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्यांत असं पान घेऊन येणारं क्वचितच कुणी असतं. शेवटच्या वाक्यात कंपनी बंद झाल्याचं सांगून टाकलं आहे तेही मुद्दाम. मधल्या काळाबद्दल वाचणाऱ्याने तर्क लढवण्यापेक्षा तुम्हीच एका वाक्यात विषय संपवलेला बरा.

आता अर्जाबाहेरचं. ज्यांच्याकडून नोकरीची खबर लागते ती माणसं बहुधा आपल्या रोजच्या बैठकीतली नसतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 साली हे मांडलं. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारे सुमारे 17 टक्केच निघाले, बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. कारण उघड आहे, जवळच्या मैत्रिणींना जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीतच असतं. 2022 मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरच्या पाच वर्षांच्या प्रयोगांतूनही साधारण हेच निघालं. अगदी अनोळखी नव्हे, पण जेमतेम ओळखीचे लोक सगळ्यात उपयोगी पडले.

तुमच्या बाबतीत अशी माणसं कोण? पुरवठादार! पाच वर्षं तुम्ही ज्यांच्याशी भाव, तारखा आणि परत पाठवलेल्या मालावरून बोलत होतात, ते लोक दुसऱ्या वीस कंपन्यांच्या खरेदी विभागात रोज जातात. कुठे कोण सोडून गेलं, कुठे स्टोअर्सचा गोंधळ चाललाय, हे त्यांना जाहिरात येण्याआधी कळतं. शिवाय तुम्ही काम कसं करता हे त्यांनी समोरून पाहिलेलं आहे. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखही नाही, याचंच मला नवल वाटलं. नोकरी मागू नका, माहिती विचारा. नोकरी मागितली की माणूस अवघडतो. माहिती द्यायला कुणाची ना नसते. ‘नमस्कार, मी अमुक कंपनीत स्टोअर्सला होते, आपलं बेअरिंगच्या ऑर्डरींवरून नेहमी बोलणं व्हायचं. कंपनी बंद झाल्यापासून खरेदी-स्टोअर्सचं काम शोधते आहे. तुम्ही जाता त्या कंपन्यांत कुणाला माणूस हवाय असं कानावर आलं, तर एवढा निरोप पुढे द्याल का?’ बस. यात लाचारी काही नाही. हे जमलं तर लिंक्डइनवर रोज सुविचार टाकायची गरज उरत नाही. तिथलं तुमचं पान अद्ययावत आणि बायोडेटाशी जुळणारं असलं की झालं.

कोर्सची फी भरण्याआधी हात आखडता घ्या. अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी, ज्यांना पुढे 2001 मध्ये नोबेल विभागून मिळालं, 1973 मध्येच दाखवलं होतं की पदवी ही नोकरी देणाऱ्यासाठी एक खूण असते, आणि खूण कामाची ठरते ती सगळ्यांना सारखीच सहज मिळत नसेल तरच. पैसे भरले आणि व्हिडिओ पाहिले की हाती पडणारं प्रमाणपत्र कुणाला कुणापासून वेगळं काढणार? एक सोपी कसोटी सांगते. तुम्हाला खरंच हव्या असलेल्या वीस जाहिराती समोर घ्या आणि त्यांत त्या कोर्सचं किंवा त्यात शिकवतात त्या सॉफ्टवेअरचं नाव किती वेळा येतं ते मोजा. दहा-बारा वेळा आलं तर विचार करा, एक-दोनदा आलं तर फी वाचवा. अनेक कंपन्यांत साठ्याचं काम ईआरपी सॉफ्टवेअरवर, म्हणजे खरेदी, साठा, हिशोब असं सगळं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं, ते तुम्ही वापरलेलं नसेल तर आधी त्याची तोंडओळख करून घेणं मला अधिक निकडीचं वाटतं.

मुलाखती तीन झाल्या म्हणजे ते दार बंद नाही. तिथे काय घडलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून एकच गोष्ट सांगते. निवडीच्या पद्धतींवरचं जुनं संशोधन पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये पुन्हा तपासलं, तेव्हा सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत ही पद्धत सगळ्यात वर आली. चांगल्या कंपन्या तशी मुलाखत घेतात, आणि त्यात ‘अमुक प्रसंग आला तेव्हा तुम्ही काय केलंत?’ असे प्रश्न असतात. म्हणून उत्तरं पाठ करू नका, प्रसंग तयार ठेवा: पुरवठा लटकला तो, हिशोब जुळेना तो, कुणाशी वाजलं तो, आणि तुमच्याकडून काही राहून गेलं तो. प्रत्येक दीड-दोन मिनिटांत, मोठ्याने बोलून पाहा. मनातल्या मनात सगळेच छान बोलतात. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हटल्यावर ‘नाही’ म्हणू नका. ‘या जागेवर येणाऱ्याने पहिल्या तीन महिन्यांत काय मार्गी लावावं असं तुम्हाला वाटतं?’ हा प्रश्न विचारा. उत्तरात त्यांचं दुखणं बाहेर येतं आणि तुमचा एखादा न सांगितलेला प्रसंग तिथे बसतो.

हे सगळं करूनही काही ठिकाणी पदरी काही पडणार नाही, आणि तिथे दोष तुमचा नसेल. मेरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुलैनाथन यांनी बोस्टन आणि शिकागोमध्ये तोलामोलाचे बायोडेटा वेगवेगळी नावं घालून पाठवले होते. 2004 मध्ये आलेले निष्कर्ष असे, की गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा निम्म्याने जास्त फोन आले. बायोडेटात फरक नव्हता, फरक वाचणाऱ्यात होता. अशा भिंतीवर डोकं आपटून स्वतःत खोट शोधत बसू नका. हाताशी पैसा कमी होत आला असेल तर मध्येच एखादं लहान, तात्पुरतं काम धरायलाही हरकत नाही, मात्र त्यातले संध्याकाळचे दोन तास या शोधासाठी राखलेले असावेत. ‘मिळेल ते’ करताना शोध थांबला की पुन्हा सुरू करणं फार जड जातं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. हो, परत विचारलेलं चालतं. शेवटची तारीख उलटून आठवडा झाला की दोन ओळींचा ईमेल: कुठल्या जागेसाठी, कधी अर्ज केला, आणि निवड कुठवर आली हे कळेल का. मुलाखत झाली असेल तर दुसऱ्या दिवशी आभाराच्या दोन ओळी, त्यात बोलण्यातला एखादा मुद्दा धरून, आणि त्यांनी सांगितलेली तारीख टळली तर एकदा विचारणा. त्यावरही उत्तर आलं नाही तर ते नाव तुमच्या यादीतून काढा आणि पुरवठादारांपैकी पुढच्याला निरोप पाठवा.